साक्रीची गाडी, जळगाव मुक्काम

साक्री

मे महिन्यात खानदेशात येऊ नका, असं खानदेशातली माणसंच पाहुण्यांना सांगतात. मी मूळची तिकडचीच, पण लग्नानंतर पुण्यात राहून माझी कातडी नाजूक झाली आहे. तरी यंदा ऐन मेमध्ये दोन पोरांना घेऊन साक्री गाठली. रेवा सहा वर्षांची, ओम चारचा. बसमधून उतरताच ओम म्हणाला, "आई, इथे कुणीतरी हीटर चालू ठेवलाय." पुढचे चार दिवस त्याची ही तक्रार कायम होती आणि ती खोटी नव्हती.

काम घर हलवण्याचं होतं. अक्का म्हणजे माझी सख्खी आत्या. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. तिचे यजमान, आमचे नाना, साक्री डेपोत एस.टी.चे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांची एकुलती एक मुलगी शुभा जळगावला पिंप्राळ्यात राहते. तिच्याच मजल्यावरचा, समोरचा फ्लॅट रिकामा झाला आणि तिनं तो आईवडिलांसाठी भाड्यानं घेऊन टाकला. तिकडची रंगरंगोटी, गॅस, पाणी ती बघणार होती. इकडून म्हाताऱ्यांना उचलून न्यायला कुणीतरी हवं होतं. माझ्या पोरांना सुट्टी होती आणि मला नाही म्हणता येत नाही.

नानांना विसर पडतो, असं आम्ही फोनवर एकमेकींना सांगत होतो. हा शब्द किती अपुरा आहे ते साक्रीला पोचल्यावर कळलं. मी वाकून नमस्कार केला. नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे, मग पोरांकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "बसा. गाडीले येळ शे." मी त्यांना ओळखीच्या चार खुणा सांगितल्या. त्यांनी मान डोलावली, अगदी अदबीनं, आणि थोड्या वेळानं अक्काला हाक मारून विचारलं, "शुभानी माय, ह्या बाईले कोठे जानं शे?"

अक्का स्वयंपाकघरात हसली. मला मात्र हसू आलं नाही. लहानपणी मला स्टेअरिंगजवळ बसवून धुळ्यापर्यंत नेणारा हाच माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना घरात नव्हते. मी घाबरले, अक्का निवांत कुरडया गोळा करत होती. तासाभरानं पानटपरीवाला त्यांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. रोजचंच होतं. नाना उठून स्टँडवर जातात, गाड्या बघतात आणि परतीची वाट विसरतात. मग जो कुणी भेटेल तो त्यांना घरी आणतो. "आठे गाव त्यास्ले घर आनी सोडस," अक्का म्हणाली. "तठे कोन सोडी?"

"तिथे शुभा आहे ना," मी म्हटलं.

दुपारी पोरं निंबाखाली झोका खेळत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बांधलेला दोर अजून सोडलेला नव्हता. आम्ही दोघी भांडी गोणपाटात बांधत होतो तेव्हा अक्कानं मनातलं सांगितलं. मागच्या वर्षी नानांच्या मागे धावताना ती दोनदा पडली. गुडघा गेला. जाणं भाग आहे हे तिला कळत होतं. पण डॉक्टर म्हणाले होते की जागा बदलली की अशा माणसाचं आहे ते भानही सुटतं कधीकधी.

"शुभाले, पोटनी आंडेरले वळखत नहीत. तुले वळखत नहीत. पन माले वळखतस," ती म्हणाली. "रोज सकायले पह्यली हाक माले मारतस. तठे गयात आनि माले बी वळखं नही तं?"

मी गोणपाटाची गाठ उगाचच घट्ट आवळत बसले.

पुण्यात घर बदलणं म्हणजे एक कंपनी येते, चहाच्या गाळणीपासून केराच्या डब्यापर्यंत सगळं खोक्यात भरते आणि आपण नुसतं बोट दाखवायचं. साक्रीत गल्ली आली. एकीनं खापर रजईत गुंडाळलं, मांडे भाजायचं ते भलंमोठं मातीचं भांडं, जे जळगावच्या गॅसच्या शेगडीवर कधीच बसणार नाही. दुसरीनं बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे डबे भरले. पाटा, वरवंटा, तीन-तीन झारे. मी चिडचिड करत होते आणि कुणी माझं ऐकत नव्हतं. दोन दिवस अक्काला चूल पेटवू दिली नाही. सकाळ-संध्याकाळ कुणाच्या तरी घरून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, आमरस येत होता. ओम ठेचा लागलेलं बोट डोळ्याला लावून अर्धा तास रडला. जेवण फार चवदार होतं. पण घरात कुणी गेलं की शेजारी असंच जेवण आणतात, हे मला पंगतीत बसल्या बसल्या आठवलं आणि मग घास उतरेना.

सगळ्यात शेवटी देव्हारा रिकामा केला. त्यात पितळी डब्यात, लाल खणात गुंडाळलेली त्यांची कानबाई होती. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची श्रावणातली देवी. तिची मूर्ती नसते, नारळ असतो. श्रावणात त्याला नथ, दागिने घालून बसवतात, नैवेद्याला गव्हाचे रोट करतात, आणि ते रोट फक्त त्या कुळातल्या माणसांनी खायचे. मी पडले अक्काच्या माहेरची, त्यामुळे इतक्या वर्षांत या घरचा रोट कधी माझ्या वाट्याला आला नाही. लहानपणी त्यावरून मी रुसून बसले होते म्हणे. काही घरांत नारळ दरसाल नवा असतो. नानांच्या घरी एकच, त्यांच्या लग्नातला. दोघांनी मिळून हात लावून बसवलेला. अक्कानं तो माझ्या हातात दिला तेव्हा मी दचकले. वजनच नव्हतं त्याला. आतलं पाणी केव्हाच आटलं होतं.

"ही टेम्पोमा नही जावाव," अक्का म्हणाली. "मना मांडीवर जाई."

रस्त्यात

टेम्पो पुढे गेला. आमच्यासाठी भाड्याची जीप उभी होती. आणि नाना उठेनात.

ओट्यावर मांडी घालून बसले होते. मी समजावलं, गल्लीतल्या दोघा-तिघांनी समजावलं. "हाई मनं घर शे. मी कोठेच जावाव नही," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काय होती? ओमसुद्धा त्यांच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसला. ऊन चढत होतं, जीपवाला घड्याळ बघत होता.

अक्का आत गेली आणि ट्रंकेतला जुना खाकी शर्ट घेऊन आली. तो तिनं टेम्पोत का भरला नव्हता कोण जाणे. नानांच्या पुढ्यात शर्ट धरून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आवरा. ड्युटी शे. जळगाव मुक्काम."

नाना उठले. अगदी सहज उठले. शर्ट घातला, बटणं लावली, विचारलं, "डबा भरा का?" अक्कानं जेवणाचा डबा हातात दिला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "शुभानी माय, कडी लाई ले. सकायले येस मी."

"बरं," अक्का म्हणाली. तिनं आतून कडी लावली. मग मागच्या दारानं निघून, ते दार कुलूप लावून बंद करून, गल्लीला वळसा घालून ती डोक्यावर पदर घेऊन जीपच्या मागच्या सीटवर पोरांमध्ये येऊन बसली. नाना पुढे बसले होते. त्यांनी मागे बघितलं नाही.

मला तिच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. मी तिच्या कानाशी म्हटलं, "अक्का, तू नाटकात असायला हवी होतीस." तिनं मांडीवरची कानबाईची पिशवी सरळ केली.

जीपवाल्यानं गाडी सुरू केली तर नानांनी त्याचा हात धरला. "डबल घंटी व्हवू दे." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. रेवाला बरोबर समजलं. तिनं स्टीलच्या बाटलीवर चमचा दोनदा वाजवला. नानांनी मान हलवली आणि आम्ही साक्री सोडली.

नेर, कुसुंबे करत धुळ्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना नांगरून तापत पडलेली काळी रानं, मध्येच एखादं हिरवं पपईचं शेत. नाना प्रत्येक फाटा येण्याआधी त्याचं नाव घेत होते आणि एकही चुकत नव्हते. पोरांना हा खेळ वाटला. मलाही बरं वाटत होतं. म्हटलं, प्रवासानं माणूस खुलला. धुळ्याला घोटाळा झाला. आता चौपदरी रस्ता शहराला बाहेरूनच वळसा घालतो. स्टँड आलं नाही. नाना डावी-उजवीकडे बघायला लागले, मग जीपवाल्याच्या दंडाला हात लावून म्हणाले, "धुळं गयं का? पाशिंजर रही गयात ना भो." जीपवाला मुसलमान पोरगा होता, समजूतदार. तो म्हणाला, "नाना, मागची गाडी घी लेस त्यास्ले." तरी नाना बराच वेळ आरशात मागचा रस्ता बघत होते.

पारोळ्याच्या अलीकडे ढाब्यावर थांबलो. शेवभाजीशिवाय दुसरं काही नव्हतं. पोरांना मी शेव धुऊन दिली, म्हणजे अक्षरशः पाण्यात बुडवून, आणि ढाबेवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या घरच्या देवाला पाय लावलाय. रेवाला बाहेर जायचं होतं. मी ओमचं तोंड धूत होते, म्हणून अक्का तिला घेऊन ढाब्यामागे गेली. जाताना मांडीवरची पिशवी तिनं नानांकडे दिली.

"हाई धरा. सोडू नका."

"सोडाव नही, बाई," नाना म्हणाले.

बाई. अक्का क्षणभर थबकली आणि मग हसली. मीही हसले. ड्युटीवरचा ड्रायव्हर उतारू बाईशी असाच बोलणार. खेळ चांगला रंगलाय असंच आम्हाला वाटलं.

तिथून पुढे ती पिशवी नानांनी सोडली नाही. एरंडोल गेलं, पाळधी गेलं, बांभोरीच्या पुलावरून गिरणा ओलांडली. नदीत पाणी नव्हतंच, नुसती वाळू आणि खड्डे. नाना दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून बसले होते. अक्कानं एकदा मागितली. त्यांनी मान हलवली. "जेन्ही दिन्ही तिलेच दिसू," म्हणाले. जिनं दिली तिलाच देईन. अक्का पुन्हा मागे टेकून बसली. या वेळी तिला हसू आलं नाही.

पिंप्राळा

पिंप्राळा म्हणजे एकामागून एक कॉलन्या. सारख्या रंगाच्या इमारती, खाली किराणा, मोबाइल, केळीवेफर्स, आणि तोंडाला ओढण्या बांधून स्कूटरवर चाललेल्या मुली. आमची इमारत तशी बरी होती. कुणीही आम्हाला बघायला बाहेर आलं नाही. साक्रीत नवं बिऱ्हाड आलं असतं तर एव्हाना चहा आला असता. मी पुण्यात हेच एकटेपण सोय म्हणून मिरवते. त्या दिवशी मात्र ती बंद दारं मला बघवत नव्हती.

लिफ्टमध्ये नाना दाराकडे तोंड करून उभे राहिले. रेवानं बाटली दोनदा वाजवली आणि मगच बटण दाबलं. तोवर सगळं ठीक होतं.

वर टेम्पोवाली माणसं कपाट जिन्यावरून आणत होती. "भिंत सांभाळा, भिंत," शुभा ओरडत होती. तिनं दाराला तोरण बांधलं होतं, उंबऱ्याशी रांगोळी काढली होती, आरतीचं ताट तयार होतं, आणि ताटाशेजारी फोडायचा नारळ होता, शेंडी ठेवलेला, ताजा. वडिलांना बघून तिचे डोळे भरून आले. नानांनी तिला नमस्कार केला, परक्या बाईला करतात तसा. तिनं तो गिळला. ओवाळलं, कुंकू लावलं, आणि म्हणाली, "नाना, तुमच्या हातानं नारळ फोडा."

एवढ्यात कपाट आडवं अडकलं. शुभा तिकडे धावली. मी ओमला कपाटाखालून ओढून काढत होते. अक्का बसून रेवाच्या चपलेचा बंद सोडत होती. नारळ कुठला, हे नानांना कुणी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं असतं हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. नव्या गाडीपुढे, दसऱ्याला डेपोत, त्यांनी जन्मभर नारळ फोडले होते. आणि नारळ तर त्यांच्या हातातल्या पिशवीतच होता.

आवाज वेगळा आला. ताजा नारळ फुटतो तसा नाही, कोरडा, लाकूड चिरल्यासारखा. आम्ही सगळ्यांनी एकदम वळून बघितलं. उंबऱ्यावर लाल खण उलगडलेला होता. करवंटीचे तीन तुकडे, आत खोबऱ्याची आक्रसलेली काळपट वाटी, आणि जुन्या तेलाचा वास.

"फुटना," नाना समाधानानं म्हणाले. "एकच दनकामा."

शुभानं तोंडावर हात ठेवला. "नाना, काय केलं तुम्ही? कानबाई होती ती."

"राहू दे," अक्का म्हणाली. "त्यास्ले काही म्हनू नको." ती खाली बसली. दुखऱ्या गुडघ्यानं तिला नीट बसताही येत नव्हतं. एकेक तुकडा, एकेक कपची तिनं वेचली आणि त्याच खणात बांधला. रेवा तिला मदत करायला लागली. "अक्का, तुझी देवी तुटली?" तिनं विचारलं. अक्का म्हणाली, "लगीनमधली व्हती ना बेटा. म्हातारी व्हयेल व्हती."

संध्याकाळी सामान लागलं. मी ओटा पुसला, शुभानं खिचडी टाकली. नाना दाराजवळच्या खुर्चीवर खाकी शर्टातच बसले होते. शर्ट काढायला तयार नव्हते; मुक्कामाच्या ठिकाणी ड्रायव्हर तसाच आडवा होतो, हे त्यांच्याकडूनच मी लहानपणी ऐकलं होतं. अक्कानं त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यांनी म्हटलं, "मना डबा शे, बाई," आणि साक्रीहून आणलेला डबा उघडून त्यातली भाकरी खाल्ली. खिचडी तशीच राहिली.

मग मला सगळं एकदम उमगलं. मी अक्काकडे बघितलं. तिला ते माझ्या आधीच कळलेलं होतं.

गिरणा

सकाळी लवकर आम्ही बांभोरीच्या पुलाशी गेलो. फुटलेली कानबाई घरात ठेवत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. वाहतं पाणी कुठून आणायचं? वाळू उपसून झालेल्या एका खड्ड्यात हिरवट पाणी साचलेलं होतं. पोरं काठावर गारगोट्या शोधायला लागली. नाना पुलाकडे तोंड करून उभे होते. वरून जाणाऱ्या लाल गाड्यांना ते हात करत होते.

अक्कानं खणाची गाठ सोडली. करवंट्या पाण्यावर तरंगत राहिल्या, बुडेचनात. ती वाट बघत उभी राहिली. शेवटी मीच एका काडीनं त्या आत ढकलल्या. इतकं वाईट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

घरी आल्यावर अक्कानं काल न फुटलेला, तो शेंडीवाला नारळ उचलला. श्रावण लांब असला तरी तोवर देव्हारा रिकामा ठेवायचा नाही, असं तिचं म्हणणं. तिनं तो धुतला, हळदकुंकू लावलं, पाटावर मूठभर गहू पसरले. जुन्या कानबाईची नथ शेजारी ठेवली. दोन पाट मांडले आणि नानांना बोलावलं. त्यांच्या घरची रीत आहे, नवी कानबाई जोडप्यानंच बसवायची, दोघांनी एकदम हात लावून.

नाना आले. नारळ, गहू, नथ बघून त्यांचा चेहरा निवळला. त्यांना ते काय आहे हे समजलं, याची मला खात्री आहे. ते पाटावर नीट मांडी घालून बसले, टोपी सारखी केली, हात जोडले. शुभानं माझा हात घट्ट धरला. अक्का पदर घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसली आणि तिनं नारळाला हात लावला.

नाना झटकन बाजूला सरकले. मग उठून उभेच राहिले. त्यांना राग आला नव्हता, ते संकोचले होते. इकडेतिकडे बघत, अगदी हळू आवाजात, तिचा अपमान होऊ नये म्हणून जपून ते म्हणाले,

"वाईट वाटाडू नका, बाई. कानबाई जोडीना हातनी बठस. शुभानी माय साक्रीले शे. ती ऊनी म्हंजे बसाडसूत."

शुभा रडत स्वयंपाकघरात निघून गेली. अक्का तशीच बसून होती, हात नारळावर. थोड्या वेळानं तिनं हात काढला.

"बरं," ती म्हणाली. "तिले सांगस मी."

आम्ही आणखी दोन दिवस राहिलो. मी पडदे लावले, पोरांना खाली बागेत नेलं, दाराला आतून वरच्या बाजूला कडी बसवून घेतली. निघताना अक्कानं रेवाला बिबडे दिले, ओमला केळीवेफर्स दिले, आणि मला काही द्यायला घरात शोधत राहिली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती रडली नाही. मला थोपटत म्हणाली, "जाय बेटा, गाडी चुकी जाई."

आता श्रावण तोंडावर आला आहे. परवा फोन केला तेव्हा अक्काला विचारलं, कानबाईचं काय ठरलं. नारळ फळीवर तसाच आहे म्हणाली. चटणीलाही कुणी घेत नाही. मागे नानांचा आवाज ऐकू येत होता. रोज संध्याकाळी ते दाराजवळच्या खुर्चीवर बसून विचारतात, साक्रीची गाडी आली का. फोन कानाशी तसाच ठेवून अक्कानं त्यांना उत्तर दिलं.

"वाटमा शे," ती म्हणाली.